सबिना पार्कवरील २१२ : एका दौऱ्याची पुनर्मांडणी

इतिहासाच्या साधनांची यादी करताना आपण बखरी, ताम्रपट, मोडीतील दफ्तरे, कोमुनिदादींचे जुने कागद यांची नावे घेतो. क्रिकेटच्या धावफलकाला त्या यादीत कोणी स्थान देत नाही. वास्तविक इतका काटेकोर, इतका निर्विकार आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेला दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण. कोण किती धावांवर बाद झाला, कोणी झेल घेतला, कोणी किती षटके टाकली, हे सारे त्यात असते. तरीही धावफलक वाचून सामना कळतो काय, हा प्रश्न उरतोच. गेल्या वर्षी तो माझ्यासमोर एका अनपेक्षित वाटेने आला.

डिचोलीस राहणाऱ्या माझ्या पुतण्याने १९७१ चा भारतीय संघाचा वेस्ट इंडीज दौरा संगणकावरील व्हिडिओ गेममध्ये पुन्हा उभा करावयाचे मनावर घेतले. अशा खेळांत आता खेळाडू, संघ, मैदाने, खेळपट्ट्या, सारे आपल्या हाताने घडविता येते. प्रत्येक खेळाडूस फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण यांचे गुण द्यावयाचे, उजवा-डावा हात ठरवावयाचा, शिरस्त्राण काढून डोक्यावर टोपी चढवावयाची. त्या काळी शिरस्त्राण कोणीच घालीत नसे, तेव्हा हा शेवटचा तपशील त्याने सर्वांत आधी पुरा केला. माझ्याकडे जुनी कात्रणे आहेत हे ठाऊक असल्याने तो एक प्रश्न घेऊन पेडण्यास आला. प्रश्न साधा होता : दिलीप सरदेसाईंना फलंदाजीचे शंभरपैकी किती गुण द्यावयाचे?

उत्तर देण्यास मला दोन महिने लागले, आणि आजही ते पुरते देता आले आहे असे वाटत नाही.

सरदेसाईंचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावात झाला. मडगाव तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. फुटबॉल गोव्यात १८८३ साली शिवोलीस एका धर्मगुरूने आणला असे सांगतात आणि तो येथे रुजलाही. क्रिकेटला मात्र तसा राजाश्रय नव्हता की लोकाश्रय. भारतातील क्रिकेटचा सारा संसार जिल्हा, विद्यापीठ, रणजी या पायऱ्यांचा. त्या पायऱ्यांची पहिली फळीच सरहद्दीच्या पलीकडे होती. १९५५ साली आर्थिक नाकेबंदी आली, मडगावहून कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे बंद पडली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आमच्या पेडणे तालुक्याच्या वेशीवर, पत्रादेवीस, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. ज्यांची सोयरीक बांद्यास, सावंतवाडीस, ज्यांची शाळेची पुस्तके मुंबई-पुण्याहून येणारी, त्या आपल्या घरांना नाकेबंदी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अशा दिवसांत, १९५७ च्या सुमारास, हा मडगावचा मुलगा मुंबईस गेला. विल्सन कॉलेजातून तो विद्यापीठाच्या संघात आला आणि १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ४३५ धावा केल्या.

पुढचा योगायोग तारखांचा आहे आणि तो मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. सरदेसाईंनी पहिली कसोटी खेळली ती इंग्लंडविरुद्ध कानपूरला, १ डिसेंबर १९६१ पासून. अठ्ठावीस धावांवर असताना टोनी लॉकच्या गोलंदाजीवर त्यांनी आपल्याच बॅटने यष्ट्या पाडल्या. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. म्हणजे गोव्यात जन्मलेला पहिला भारतीय कसोटीपटू भारताकडून खेळला तेव्हा त्याचे जन्मगाव अजून पोर्तुगालच्या नकाशात होते. धावफलकावर फक्त एवढेच आहे : सरदेसाई, हिटविकेट, गो. लॉक, २८.

१९६५ साली न्यूझीलंडविरुद्ध मुंबईस भारताचा पहिला डाव अवघ्या ८८ धावांत आटोपला होता. फॉलोऑननंतर सरदेसाईंनी नाबाद २०० धावा केल्या. तेथून मात्र उतरण लागली. १९६७ चा इंग्लंड दौरा दुखापतीने खाल्ला, ऑस्ट्रेलियात धावा झाल्या नाहीत. १९७१ च्या आरंभी विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद पतौडींकडून अजित वाडेकरांकडे गेले. संघ निवडताना सरदेसाई हवेतच असा आग्रह नव्या कर्णधाराने धरला, तेव्हा तीस वर्षांच्या या फलंदाजाची जागा कोणाच्याही दृष्टीने पक्की नव्हती.

पुतण्याचा पेच येथेच होता. दौऱ्यापूर्वीची कामगिरी पाहून गुण दिले तर सरदेसाई मध्यम प्रतीचे फलंदाज ठरतात, आणि मग गेममध्ये ते ६४२ धावा काही केल्या करीत नाहीत. दौऱ्यातील कामगिरी पाहून गुण दिले तर धावा होतात. परंतु मग ती पुनर्मांडणी राहत नाही, आधीच ठाऊक असलेले उत्तर यंत्राकडून वदवून घेणे होते. पहिल्या पद्धतीत जे घडले ते घडू शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत दुसरे काही घडूच शकत नाही. इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाची हीच अडचण असते, असे मी त्याला म्हणालो. त्याने मान डोलावली आणि पुन्हा विचारले, ‘‘पण काका, आकडा किती घालू?’’

जॅक नोरिगाचे उदाहरण याहून अवघड. हा त्रिनिदादचा ऑफस्पिनर केवळ चार कसोट्या खेळला, चारही याच मालिकेत. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत भारताच्या पहिल्या डावात त्याने ९५ धावांत नऊ बळी घेतले, आणि तो सामना वेस्ट इंडीज हरले. उरलेल्या साऱ्या डावांत मिळून त्याला आठच बळी मिळाले. एका दिवसाचा असामान्य गोलंदाज कोणत्या आकड्यात बसवावयाचा? गेमला माणसाचा सरासरी स्वभाव लागतो. खेळाची कीर्ती मात्र त्या सरासरीच्या बाहेर पडलेल्या दोन-चार दिवसांवर उभी असते.

आता किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीकडे येतो, कारण सारा दौरा तेथे वळला. सबिना पार्कवर पहिला दिवस पावसाने वाया गेला. दुसऱ्या दिवशी भारताची अवस्था पाच बाद ७५. सुनील गावसकर बोटाच्या दुखण्याने बाहेर बसलेले. अशा वेळी सरदेसाईंच्या जोडीस एकनाथ सोलकर आले. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. त्याचे बालपण त्या मैदानाच्या कडेलाच गेले. दोघांनी १३७ धावांची भर घातली. पुढे नवव्या विकेटसाठी प्रसन्नांबरोबर १२२ धावा झाल्या. सरदेसाई २१२, भारत ३८७. परदेशात कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय.

वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत संपला. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस पूर्ण वाया गेल्यास सामना चार दिवसांचा धरावयाचा आणि मग १५० पुरतात, असा नियम आहे. वाडेकरांनी प्रतिपक्षाच्या खोलीत जाऊन सोबर्सना फॉलोऑन दिल्याचे सांगितले, तेव्हा त्या थोर खेळाडूस प्रथम ते खरेच वाटले नाही असे सांगतात. कान्हाय यांनी नाबाद १५८ धावा करून सामना वाचविला. सामना अनिर्णित, पण दोन्ही संघांच्या मनाचा तराजू त्या एका वाक्याने झुकला, असे मला वाटते. भारतीय संघाने वेस्ट इंडीजला फॉलोऑन द्यावा, हे त्यापूर्वी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुतण्याने पहिल्या दिवशीचा पाऊस आज्ञेने पाडला, चार दिवसांचा सामना लावला. परंतु त्या घोषणेनंतर सोबर्सच्या खोलीत जी शांतता पसरली असेल तिच्यासाठी गेममध्ये कळ नाही.

अशी पुनर्मांडणी ही काही संगणकाचीच उपज नव्हे. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत असताना सिडनीच्या रेडिओ केंद्रात समालोचक तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून प्रत्येक चेंडूचे वर्णन करीत; पेन्सिल लाकडावर आपटून बॅटचा आवाज काढीत, टाळ्यांचे ध्वनिमुद्रण लावीत. श्रोत्यांना ते कृत्रिम आहे हे ठाऊक असे, तरीही घरोघर रात्री जागविल्या जात. आपल्या शाळांत मागच्या बाकावर चालणारे पुस्तकी क्रिकेटही त्याच जातीचे : पुस्तक मध्येच उघडावयाचे, पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आले की बाद. पेडण्याच्या शाळेत आम्ही इतिहासाच्या पुस्तकावर गावसकरांची कितीतरी शतके केली. इतिहासाचा तेवढाच उपयोग, असे गुरुजी म्हणत.

१९७१ साली आम्हांला तरी दुसरे काय मिळत होते? जमैकाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तेथे दिवसाचा खेळ संपे तेव्हा येथे पहाट व्हावयास आलेली असे, म्हणजे सकाळच्या वर्तमानपत्रात अर्धाच दिवस छापून येई आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी. मधल्या चोवीस तासांत प्रत्येक जण आपापल्या मनात तो सामना पुढे खेळवीत असे. संगणक आमच्या डोक्यातच होता, एवढेच.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर आबिद अलींनी फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडविला. सरदेसाईंनी ११२ धावा केल्या. पदार्पण करणाऱ्या गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. पहिल्या डावात सोबर्सनी गावसकरांचा झेल सोडला होता. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी लॉईड आणि सोबर्स यांना बाद केले, सोबर्सना तर शून्यावर. भारत सात गड्यांनी जिंकला, आणि वेस्ट इंडीजवरील तो भारताचा पहिलाच कसोटी विजय होता. ज्यांचे पूर्वज १८४५ पासून मजुरीच्या करारावर त्रिनिदादला नेले गेले, त्या भारतीय वंशाच्या लोकांनी प्रेक्षागार दणाणून सोडले. मालिका अखेर १-० अशी जिंकली. चौथ्या कसोटीत ब्रिजटाउनला सहा बाद ७० अशी दैना असताना पुन्हा सरदेसाई-सोलकर उभे राहिले आणि १८६ धावांची भागीदारी झाली; सरदेसाई १५०, सोलकर ६५. गावसकरांच्या ७७४ धावांनी जग दिपले, लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने त्यांच्यावर गीत रचले. सरदेसाई थोडे सावलीत गेले. मर्चंट मात्र त्यांना भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचा पुरुष म्हणत असत.

शेवटच्या कसोटीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सोबर्स शकुन म्हणून फलंदाजीस जाण्यापूर्वी गावसकरांना स्पर्श करीत. त्या दिवशी वाडेकरांनी गावसकरांना स्नानगृहात कोंडून ठेवले, आणि सोबर्स पहिल्याच चेंडूवर आबिद अलींकडून त्रिफळाबाद झाले. पुतण्याने ही गोष्ट ऐकली आणि गेमच्या सर्व सूच्या धुंडाळल्या. स्नानगृह नाही.

गंमत बाजूला ठेवू. त्याच्या डोक्यात पुढचा दौरा आहे तो १९११ चा, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय संघाचा इंग्लंड दौरा. त्यात पालवणकर बाळू यांनी ११४ बळी घेतले. घराणे कोकणातील पालवणचे, जात चांभार. पुण्यास उच्चवर्णीयांच्या संघात खेळताना त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून, मंडपाबाहेर मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. ११४ हा आकडा गेममध्ये सहज भरता येईल. ते मातीचे भांडे भरण्यास रकाना नाही, आणि खरे सांगावयाचे तर जुन्या धावफलकातही नव्हता. यंत्राला दोष देण्यापूर्वी आपल्या कागदांकडेही पाहावे लागते.

असो. त्या आकड्याचा निकाल अखेर आम्ही असा लावला : सरदेसाईंना दौऱ्यापूर्वीचे गुण द्यावयाचे, एकही वाढवावयाचा नाही, आणि किंग्स्टनची कसोटी पाच बाद ७५ पासून खेळवावयाची. पुतण्याने ती अकरा वेळा खेळविली. सरदेसाई बहुतेक वेळा तिशी-चाळिशीत बाद झाले, एकदा शून्यावर. नवव्या खेपेस त्यांनी १३१ केल्या. त्या रात्री साडेअकराला त्याचा दूरध्वनी आला आणि तो इतका उत्तेजित होता की प्रथम मला वाटले, घरात काही अघटित झाले. सोलकर दुसऱ्या टोकाला नाबाद होते, हे त्याने दोनदा सांगितले.

दिलीप सरदेसाई २ जुलै २००७ रोजी मुंबईत निवर्तले. तीस कसोट्या, २००१ धावा, पाच शतके. गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत आला तो १९८५-८६ च्या हंगामात, सरदेसाईंच्या किंग्स्टनच्या खेळीनंतर चौदा वर्षांनी. सध्या डिचोलीत ब्रिजटाउनची कसोटी लागलेली आहे. सहा बाद सत्तर.