घोंगडीची ऊब कुठं गेली?

थंडी वाढली, पहाटे दारं धरायला जायची वेळ आली की जुन्या माणसांना घोंगडी आठवतेच.

घोंगडी ही आपल्या दुष्काळी पट्ट्याची देण. इथली दख्खनी मेंढी काटक. लोकर आखूड, राठ, बहुतेक काळी. धनगर वर्षातून दोनदा मेंढरं कातरायचे, घरच्या बायका सूत कातायच्या, सणगर त्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायचे. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी सगळ्यात मऊ. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पिते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून थंडीत पांघरूण अन् पावसात खोळ, दोन्ही एकीतच भागायचं.

पुढं गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली. मेंढी मटणाच्या भावानं मोजली जाऊ लागली, कमी लोकरीच्या माडग्याळकडं ओढा वाढला. आज कित्येक ठिकाणी लोकरीतून कातरणीची मजुरीही निघत नाही, ती तशीच फेकली जाते.

रानात मेंढरं बसवून आपण लेंडीखत घेतोच. यंदा त्याच धनगराला घोंगडीचंही विचारा. गिऱ्हाईक असलं तरच माग चालेल.