शारदा, मित्रा आणि प्रेक्षक

मराठी रंगभूमीच्या इतिहासात बेळगावचे नाव निघते ते बहुधा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या निमित्ताने. ते ह्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. परंतु बेळगावी त्यांच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे तेथेच काही काळ शिक्षकी केलेले त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल ह्यांची आठवण आज मला एका निराळ्या कारणासाठी काढावयाची आहे. १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीस एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो. लग्न मोडते, आणि जिला आता कोठेच थारा उरला नाही अशी ती मुलगी जीव द्यावयास नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो. देवलांना तिला बुडू देता आले असते. प्रेक्षकांनी डोळे पुसले असते आणि घरी जाऊन ते जेवले असते. देवलांनी ती सोय त्यांना ठेवली नाही. मुलगी जिवंत राहिली, म्हणून तिचे आता काय करावयाचे, हा प्रश्न प्रेक्षकांस आपल्याबरोबर घरी न्यावा लागला. (बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला, तो हरविलास सारडा ह्यांच्या आडनावावरून, शारदेशी त्याचे साम्य केवळ नावापुरते. तरी तो योगायोग मला नेहमी गोड वाटत आला आहे.)

आता प्रश्न असा की, जिचे मन दुसऱ्या मुलीवरच जडले, अशा मुलीच्या वाट्याला रंगभूमीवर किंवा पडद्यावर कोणी कोदंड आला काय? आणि आपण प्रेक्षकांनी तिला कसे वागवले?

आपल्या भाषेत ही मुलगी ठळकपणे उभी राहिली ती १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकात. दिग्दर्शन विनय आपटे ह्यांचे, आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांची. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातील महाविद्यालयात शिकणारी ही सुमित्रा. आपण इतर मुलींसारख्या नाही हे तिला कळून चुकते, आणि ते ती बापू नावाच्या आपल्या एका भिडस्त मित्रास सांगते. महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते. नायिका असते नमा. त्या नमावरच तिचे मन बसते. येथे तेंडुलकरांची नजर किती सूक्ष्म आहे पाहा. मुलींच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात धोतर नेसून, काजळाची मिशी रेखून नवरदेव झालेली मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. शिक्षक ह्या नात्याने अशा मिशा मीही रेखल्या आहेत. तिकडे पाहून कोणास काही वाटत नाही. बालगंधर्वांच्या लुगड्यांची नक्कल घरोघरच्या स्त्रियांनी केली, तेव्हाही कोणास वावगे वाटले नव्हते. सोंग असेतोवर आपला प्रेक्षक उदार असतो. मित्राचे दुर्दैव हे की, पडदा पडल्यावरही तिचे प्रेम उरले.

पुढे तिची पत्रे एका मत्सरी तरुणाच्या हाती लागतात, नमा दूर जाते, बापूही शेवटी तिला एकटे टाकतो, आणि मित्रा आत्महत्या करते. तिला कोणी वाचवीत नाही.

ह्या नाटकाचे प्रेक्षकांनी काय केले? तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ने १९७२ साली जे वादळ उठवले आणि जे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तसे येथे काही झाले नाही. नाटकाला मोर्चे आले नाहीत. फारसे प्रयोगही झाले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त स्त्रियांच्या आधारगृहातील दोन आश्रित बायकांचे असे नाते आले. प्रेक्षकांच्या ध्यानात राहिली ती स्मिता पाटील आणि त्या चित्रपटाची गाणी. कोल्हापूरकडून निपाणी, निपाणीहून बेळगाव ह्या वाटेने आपल्याकडे नाटके आणि चित्रपट नेहमीच आले. परंतु मित्रा व त्या दोन बायका ह्यांच्याविषयी चर्चा चालली आहे असे मी तरी सीमाभागात कधी ऐकले नाही. मौन हीदेखील एक प्रतिक्रियाच होय, आणि ती मोजता येत नाही म्हणून इतिहासात तिची नोंद राहत नाही.

मौन सुटले ते १९९८ मध्ये, दीपा मेहता ह्यांच्या ‘फायर’ ह्या चित्रपटाच्या वेळी. त्यातील दोघी शाळकरी मुली नव्हेत, एकाच घरातील जावा आहेत. परीक्षण मंडळाने काहीही न कापता तो संमत केला होता. २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांत शिरून मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत तेच घडले. चित्रपट पुन्हा मंडळाकडे धाडण्यात आला, आणि १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा न कापताच संमत झाला. आपल्या बाजारपेठांतून तेव्हा जी चर्चा चाले, तिचे वैशिष्ट्य असे की चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला नसे, मते मात्र सर्वांची पक्की असत.

‘फायर’मधील थोरल्या जावेच्या लुगड्याला शेवटी आग लागते, पण ती त्यातून वाचते, आणि दोघी एकमेकींस भेटतात. मेलेल्या मित्राकडे प्रेक्षकाने पाठ फिरवली. जिवंत राहिलेल्या दोघींसाठी काचा फुटल्या. केवळ शेवटामुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही. त्यामागे राजकारण होते, आणि नाटकाचा प्रेक्षक तो केवढा! शिवाय २००४ साली ‘गर्लफ्रेंड’ ह्या हिंदी चित्रपटातील अशी स्त्री खलनायिकाच होती आणि शेवटी मरतही होती. तरी निदर्शने झालीच. मात्र त्या वेळी संतापलेल्यांत समलिंगी स्त्रियांच्या संघटनाही होत्या. त्यांची तक्रार उलट होती: आम्हांला असे विकृत का रंगवता? अशा प्रेक्षक स्त्रिया प्रथम उघडपणे दिसल्या त्या ‘फायर’च्याच प्रसंगी. आपण भारतीय आहोत आणि समलिंगीही आहोत, अशा अर्थाचा फलक त्या डिसेंबरात दिल्लीच्या रस्त्यावर एका स्त्रीच्या हाती होता. माझ्या मते त्या वर्षीची सर्वांत महत्त्वाची प्रेक्षक-प्रतिक्रिया ती. फुटलेल्या काचा केव्हाच बदलल्या गेल्या असतील.

शाळेतील मुलीची गोष्ट पडद्यावर आधी आली ती मात्र दूर, जर्मनीत, १९३१ साली. ‘मेडशेन इन उनिफॉर्म’, म्हणजे गणवेशातील मुली. ख्रिस्टा विन्स्लो ह्यांच्या नाटकावरून लिओंटिने सागान ह्यांनी तो केला. पात्रे सर्व स्त्रियाच. पोट्सडामच्या कडक शिस्तीच्या वसतिगृहात आईविना वाढलेली चौदा वर्षांची मानुएला आपल्या शिक्षिकेवर प्रेम करू लागते. तीही शाळेच्या नाटकात पुरुषवेष घेते, आणि नाटक संपल्यावर सर्वांदेखत ते प्रेम बोलून टाकते. मुख्याध्यापिका तिला एकांतवासाची शिक्षा देते. मूळ नाटकात मानुएला उंचावरून उडी घेऊन मरते. चित्रपटात ती जिन्याच्या कठड्यापर्यंत जाते, आणि तिच्या वर्गातील मुली तिचे नाव घेत धावत येऊन तिला मागे ओढतात. देवलांना एक कोदंड पुरला. येथे सारा वर्ग कोदंड झाला. शिक्षक म्हणून मला ह्या प्रसंगात मुख्याध्यापिकेपेक्षा त्या मुली अधिक शहाण्या वाटतात. कोणती मुलगी कोणत्या क्षणी कठड्याशी उभी आहे, हे हजेरीपटावरून आम्हांस कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीस कळते.

आपल्या देशात दोन जिवलग मैत्रिणींनी एकत्र जीव दिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येत आल्या आहेत. चार ओळींच्या त्या बातमीत कारण बहुधा परीक्षेचे किंवा घरच्या रागावण्याचे असते. केरळात पद्मराजन ह्यांनी १९८६ मध्ये शाळेतून पळून गेलेल्या दोन मुलींवर चित्रपट केला. त्याचा शेवटही दोघींच्या मृत्यूतच होतो. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. परंतु घरातल्या बैठकीत चालणारे कायदे न्यायालयात बदलत नाहीत.

२००४ साली मल्याळम भाषेतच ‘संचारम्’ आला. किरण हिंदू घरची, डेलायला आमच्या ख्रिस्ती घरची. दोघी बालपणापासूनच्या मैत्रिणी. बोभाटा झाल्यावर डेलायलाचे लग्न घाईने ठरवले जाते. घरच्यांची ती लगबग मला मुळीच परकी वाटली नाही. आमच्याही घरांतून अशा वेळी हेच होईल. किरण कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहते, आणि मागे फिरते. दिग्दर्शिका लिजी पुल्लापल्ली ह्या शिकागोत वकिली करीत. केरळातील एका मुलीच्या आत्महत्येची हकीकत कळल्यावर त्यांनी हा चित्रपट करावयास घेतला. त्या मुलीस मागे ओढणारे तेव्हा कोणी नव्हते.