सात ते दहा : मुलींच्या वाट्याची तीन वर्षे

आपल्याकडील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा कोणी व केव्हा काढली, एवढ्यावरच बहुधा थांबण्यात येते. १८४८ साली पुण्यास भिडे यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, हे आपल्या बंधुभगिनींस ठाऊक आहेच. परंतु शाळेचे दार उघडणे निराळे आणि मुलीने तेथवर पोचून टिकून राहणे निराळे.

बडोद्याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली ती सक्ती सर्व संस्थानास लागू केली. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे तशाच आशयाचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे महाराजांची धडाडी कळून येते. शिवाय त्यांनी मुलींसही सक्ती लावली! मात्र कायद्यातील वयोमर्यादा पाहा : मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. मुलग्यास पाच वर्षे, मुलीस तीन. मुलगी दहा वर्षांची झाली की ती लग्नाची व चुलीपाशी बसण्याची, हा लोकांचा समज एवढ्या प्रबळ राजासही मोडता आला नाही. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे केली होती.

मुलगी घरी का राहते, याचा खरा शोध ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी घेतला. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांत काम केले. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते खाली ठेवल्यावाचून तिने पाटी धरावी कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकाच छपराखाली आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आमच्या मते हुकूम काढण्यापेक्षा हे काम कठीण होते, आणि त्याची वाखाणणी त्या मानाने थोडीच झाली.

आता थोडे शिरगणतीचे आकडे. भारतात १९५१ साली पुरुषांची साक्षरता २७·१६ टक्के व स्त्रियांची ८·८६ टक्के होती. १९८१ साली हेच आकडे ५६·३८ व २९·७६ झाले. दोघेही पुढे गेले, पण अंतर सुमारे अठरावरून सत्तावीस टक्क्यांवर वाढले! २०११ साली ८२·१४ व ६५·४६, म्हणजे अंतर सुमारे सतरा. (मोजणीचे वय मध्यंतरी पाचावरून सातावर गेले, हे तुलना करताना स्मरावे.)

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास १९०१ पासून ज्ञातीज्ञातींची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यांतील कित्येक मुलगे त्यामुळे शिकले. मुलींस परगावी ठेवण्याचा विचार तेव्हा ज्ञातिसंस्थांस क्वचितच शिवला. आपल्या वंशावळींतही मुलग्यांचीच नावे आढळतात. ज्या कुटुंबांत आजी-पणजींचे शाळा सोडल्याचे दाखले जपलेले असतील, त्यांनी त्यांतील इयत्ता, वय व शाळा सोडण्याचे कारण एवढे उतरवून पुढील अंकासाठी अवश्य पाठवावे.