देंदूरचें देऊळ : शिळा आणि टिपण

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयांत ईजिप्तमधील देंदूरचें देऊळ उभें आहे. शिळा राखली म्हणजे साधन राखलें, असा आपला समज असतो. तो कितपत खरा, हें या देवळाच्या इतिहासावरून दिसून येतें.

हें देऊळ मूळचें अस्वानच्या दक्षिणेस, न्यूबियांतील नाईलकांठचें. रोमन बादशहा ऑगस्टस याच्या कारकीर्दींत, इ. स. पूर्वीं १५ च्या सुमारास तें बांधलें गेलें. इसिस देवी आणि देवत्व पावलेले दोन स्थानिक सरदारपुत्र पेदेसी व पिहोर यांस तें वाहिलेलें आहे. भिंतींवर ऑगस्टस फॅरोच्या वेषांत देवतांस उपहार अर्पीत आहे. परकी सत्तेनें देशी राजधर्माचा वेष पत्करल्याचें हें प्रत्यक्ष प्रमाण होय. सहाव्या शतकांत या देवळाचें चर्च झालें; अब्राहाम नामक पुरोहितानें तेथें क्रूस उभारल्याचें कॉप्टिक लेखांत नमूद आहे. एका प्रवाशानेंही येथें आपलें नांव कोरलें आहे : न्यूयॉर्कचा ब्रॅडिश, १८२१. हाच गृहस्थ पुढें त्या नगरांतील इतिहास-संस्थेचा अध्यक्ष झाला. आणि त्यानें विद्रूप केलेली ती शिळाही अखेर त्याच नगरांत आली!

१९०२ सालीं अस्वानचा बंधारा पुरा झाला. पुढें त्याची उंची वाढविल्यावर देऊळ दरवर्षीं कित्येक महिने पाण्याखालीं राहूं लागलें. शिळा टिकल्या, पण त्यांवरील रंग धुऊन गेला. सुदैवानें १९०६ सालीं ब्लॅकमन यांनीं देवळाची बारकाईनें पाहणी केली होती. उरल्यासुरल्या रंगाच्या खुणाही त्यांनीं टिपल्या व १९११ सालीं ग्रंथरूपानें तें सर्व प्रसिद्ध केलें.

नव्या उंच धरणामुळें देऊळ कायमचें बुडणार, म्हणून १९६३ सालीं तें उतरविण्यांत आलें. १९६५ सालीं ईजिप्तनें तें अमेरिकेस दिलें. आठशें टनांहून अधिक वजनाच्या शिळा ६६१ पेट्यांतून समुद्रपार गेल्या आणि १९७८ सालीं देऊळ लोकांस खुलें झालें. २०१६ सालीं संग्रहालयानें एका भिंतीवर प्रकाशझोतानें मूळचे रंग दाखविले. त्या कामीं ब्लॅकमन यांच्या टिपणांचा आधार घेतला होता.

तात्पर्य, शिळा पेट्यांत भरून नेतां आल्या, पण गेलेला रंग केवळ कागदावर उरला होता. ज्यांच्या घरीं जीर्ण पोथ्या वा ताम्रपट आहेत, त्यांनीं नक्कल व ठसे घेण्याचें काम उद्यांवर टाकूं नये. ब्लॅकमन कांहीं वर्षें उशिरा जाते, तर त्यांस नुसती धुतलेली शिळाच दिसती.