बोलका ठग आणि मुका शेजार

खुनाची कादंबरी हातीं घेतली म्हणजे खुनी कोण, एवढाच शोध आपण घेतों. ज्यांना तो ठाऊक होता आणि जे बोलले नाहींत, त्यांच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. आमच्या चिचगडासारख्या रानांतल्या गांवीं राहणाऱ्याला हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटतो; कारण रानवाटेवरच्या वाटसरूचा जीव पुष्कळदां गांवकरी बोलतो कीं गप्प बसतो, यावर अवलंबून असे.

१८३९ सालीं लंडनमध्यें फिलिप मेडोज टेलर यानें एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानें तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. टेलर निजामाच्या नोकरींत होता; पुढें नळदुर्गास व १८५७ सालीं वऱ्हाडांत बुलढाण्यास त्यानें अंमल केला. ठगांच्या जबान्या त्यानें स्वतः घेतल्या होत्या. कादंबरीचा नायक अमीर अली. त्याच्या आईबापांना ठगांनीं मारलें, मारणारानेंच त्याला पोटच्या पोरासारखें वाढविलें, आणि पुढें अजाणतां त्याच्याच हातून सख्खी बहीण मारली गेली. वाचक हळहळतो तो अमीर अलीसाठीं! ज्यांच्या गळ्याला रुमाल पडला, त्यांना तीन खंडांत बोलावयास जागा नाहीं.

इतिहासांत हें मौन अधिक बोचतें. नरसिंहपूर प्रांत १८१८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला. तेथें १८२२ ते १८२४ पर्यंत स्लीमन हा अधिकारी होता. जिल्ह्यांतील साधी चोरीही आपणांस कळल्यावांचून राहत नाहीं, अशी त्याची समजूत होती. पुढें त्यानेंच लिहून ठेविलें कीं, आपल्या कचेरीपासून ४०० यार्डांच्या आंत, कुंदेली गांवांत, ठगांची टोळी राहत होती. त्याला कोणीं सांगितलें नाहीं.

कां सांगितलें नाहीं? कांहीं जमीनदार व पाटील लुटींत वाटा घेत; त्यांचें मौन विकत घेतलेलें होतें. परंतु ज्या शेतकऱ्यानें रात्रीं मुक्कामास आलेले परके मोजले आणि सकाळीं त्यांत कांहीं कमी भरले, त्यानें काय करावें? साहेब उद्यां बदलून जाणार, ठग शेजारींच राहणार. या दोघांना मी एका पंक्तीस बसविणार नाहीं. पण दुसऱ्याला अगदीं निर्दोष म्हणावयासही जीभ रेटत नाहीं.

१८३६ च्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढें सिद्ध झालें कीं जन्मठेप होई. अमुकच खून केला, हें दाखविण्याची गरज उरली नाहीं. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदाराचा. म्हणजे शेजारी बोलत नाहीं, म्हणून सरकारनें खुन्याच्याच शब्दावर भरंवसा ठेविला! त्यांत निरपराधीही अडकले असतील, अशी शंका आजचे कांहीं इतिहासकार घेतात. ती मला रास्त वाटते.

फिरंगिया नांवाचा पकडलेला ठग दाखवील तेथें आमराईंतली जमीन खणली जाई आणि प्रेतें निघत. त्यांतल्या पुष्कळांचीं नांवें कोणासच ठाऊक नव्हतीं. जबानी देणारे ठग जबलपुरास बंदींत राहिले. त्यांच्या मुलांना तेथील कारखान्यांत तंबू शिवावयास आणि गालिचे विणावयास शिकविलें.