एंजिनावरील नांव आणि एंजिनाचा कर्ता



शर्यतीच्या एंजिनावर ज्याचें नांव कोरलेलें, त्यानेंच तें घडविलें असावें, असा आपला सहज समज असतो. फॉर्म्युला वन शर्यतींचा इतिहास मात्र कांहीं निराळेंच सांगतो.

फेरारीसारखे कारखाने गाडी व एंजिन दोन्ही स्वतःच घडवीत. कूपर, लोटस या लहान इंग्रज कारखान्यांस तें सामर्थ्य नव्हतें. त्यांना एंजिनें पुरविलीं कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्सनें. आग विझविण्याच्या पंपांचीं एंजिनें करणारी ही कंपनी; पण तिच्याच एंजिनाच्या बळावर जॅक ब्रॅबम १९५९ व १९६० सालीं जगज्जेते झाले. पुढें १९६६ पासून तीन लिटरच्या एंजिनांचा नियम येणार असें ठरलें. तसलें एंजिन करण्यास क्लायमॅक्सनें नकार दिला, आणि हे लहान कारखाने निराधार झाले.

तेव्हां लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनीं फोर्ड कंपनीचें मन वळविलें. फोर्डनें सुमारें १,००,००० पौंड दिले, आणि कॉसवर्थ या छोट्या कारखान्याच्या कीथ डकवर्थ यांनीं 'डी. एफ. व्ही.' हें आठ सिलिंडरांचें एंजिन सिद्ध केलें. ४ जून १९६७ रोजीं हॉलंडांत झांडव्होर्ट येथें, त्या एंजिनाच्या पहिल्याच शर्यतींत, जिम क्लार्क विजयी झाले. एंजिनावर नांव मात्र फोर्डचें! पुढल्या वर्षापासून तें इतरांसही मिळूं लागलें. टायरेल, विल्यम्स यांच्यासारख्यांना तें विकत आणून बड्या कारखान्यांशीं टक्कर देतां आली. १९८३ पर्यंत या एंजिनानें व त्याच्या सुधारलेल्या आवृत्तींनीं १५५ शर्यती जिंकल्या.

हीच रीत पुढेंही चालली. १९८४ ते १९८६ या तीन वर्षीं मॅक्लॅरेनच्या चालकांस जगज्जेतेपद देणारें एंजिन पोर्शनें घडविलें. पैसा 'टॅग' कंपनीचा, म्हणून नांवही तिचेंच. २०१६ ते २०१८ या काळांत रेड बुलच्या गाडींतील रेनोचें एंजिन तर एका घड्याळांच्या कंपनीच्या, टॅग हॉयरच्या, नांवानें धांवलें.

द्रव्य देणाऱ्याचें श्रेय नाकारण्याचें कारण नाहीं. फोर्डच्या पैशावांचून डकवर्थ यांची कल्पना कदाचित् कागदावरच राहिली असती. परंतु देवळाच्या शिलालेखांत दात्याचें नांव असतें, पाथरवटाचें क्वचितच. इतिहास वाचणाऱ्यानें दोन्ही नांवें शोधावींत, हेंच न्यायाचें होय.