यंत्रभाषांतराचा इतिहास : दुभाष्यापासून मोबाइलपर्यंत

एका भाषेतील मजकूर संगणकाकडून दुसऱ्या भाषेत आणवण्याला यंत्रभाषांतर म्हणतात. सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारात कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे उपयोग सर्वांत आधी पोचले, त्यांत त्याची गणना होते. औषधाच्या खोक्यातले इंग्रजी माहितीपत्रक, परराज्यातल्या दुकानाची पाटी, बँकेकडून आलेला संदेश हे सारे आज मोबाइलवर काही क्षणांत मराठीत वाचता येते. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली भाषांतरे हा या यंत्राचा कच्चा माल आहे. ज्या भाषेत असा साठा मोठा, तिचे यंत्रभाषांतर बरे. जिच्यात तो तोकडा, तिचे कच्चे, हे गेल्या काही दशकांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसून येते.

दुभाषी, शास्त्री आणि कोशकार

मराठी मुलखात भाषांतर हा फार पूर्वीपासून पोटापाण्याचा व्यवसाय होता. किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि इंग्रज आल्यावर दुभाष्यांना मोठे महत्त्व आले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी इंग्रजांच्या बाजूने बोलणी करण्यात होता. तह, जकात, वखारीचे हक्क अशा बाबींत दुभाष्याचा शब्द दोन्ही पक्षांना मानावा लागे. म्हणून भाषाज्ञानाइतकीच त्याची विश्वासार्हताही पाहिली जाई.

छापखाना आल्यावर तोंडी कामाला लेखी कामाची जोड मिळाली. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. जेम्स मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये निघाला. थॉमस कँडी यांच्या सहकार्याने तयार झालेल्या त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. कँडी यांनी पुढे सरकारी मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासण्याचे काम अनेक वर्षे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच राज्य शासनाने भाषा संचालनालय उभारले. कायद्यांची भाषांतरे, पदनामे आणि परिभाषाकोश ही कामे त्याच्याकडे आली. भाषांतर करणारा एक आणि ते तपासणारा दुसरा, ही पद्धत या सर्व कामांत रुळली.

संगणकाचे पहिले प्रयत्न

भाषांतर करणाऱ्या यंत्राची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १९३३ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज आर्त्सरूनी आणि सोव्हिएत संघात प्योत्र त्रोयान्स्की यांनी अशा यांत्रिक उपकरणांसाठी स्वतंत्रपणे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात गुप्तलिपी उलगडण्यासाठी गणिती पद्धती वापरल्या गेल्या. त्यांचे यश पाहून अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानचे वॉरन वीव्हर यांनी जुलै १९४९ मध्ये एक टिपण लिहिले. परकी भाषा हीदेखील एक गुप्तलिपी मानून संगणकाने ती उलगडावी, असा विचार त्यांनी त्यात मांडला.

७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी पहिले जाहीर प्रात्यक्षिक केले. ६० हून अधिक रशियन वाक्यांचे यंत्राने इंग्रजीत भाषांतर केले. त्यासाठी यंत्राला २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम पुरवले होते आणि वाक्ये आधीच निवडून ठेवलेली होती. तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. शीतयुद्धाचा काळ असल्यामुळे रशियन शास्त्रीय लेखन वाचण्याची अमेरिकेला निकड होती आणि संशोधनाला पैसा सहज मिळत गेला.

पहिला खोल आक्षेप या क्षेत्रातील तज्ज्ञानेच घेतला. १९६० मध्ये येहोशुआ बार-हिलेल यांनी दाखवून दिले की, एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर त्यांतला योग्य अर्थ केवळ कोश आणि व्याकरण यांच्या आधारे निवडता येत नाही. कोणती वस्तू कशात मावते, यासारखे जगाविषयीचे साधे ज्ञान माणसाजवळ असते, यंत्राजवळ नसते. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. यंत्रभाषांतर माणसाच्या कामापेक्षा संथ, सदोष आणि महाग आहे, शिवाय भाषांतरकारांचा तुटवडाही नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील बहुतेक प्रकल्पांचा निधी त्यानंतर आटला.

नियमांची पद्धत आणि भारतातील आरंभ

तरीही मर्यादित क्षेत्रांत काम चालू राहिले. पीटर टोमा यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली सिस्ट्रान ही प्रणाली आधी अमेरिकी हवाई दलाने आणि १९७६ मध्ये युरोपीय आयोगाने घेतली. कॅनडात हवामानाचे इंग्रजी अंदाज फ्रेंचमध्ये आणणारी ‘मेतेओ’ प्रणाली सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरात आली. हवामानाच्या अंदाजात शब्द थोडे आणि वाक्ये ठरावीक साच्याची असल्यामुळे ती यशस्वी ठरली. या काळातील प्रणालींना व्याकरणाचा प्रत्येक नियम आणि प्रत्येक अपवाद भाषातज्ज्ञांनी हाताने लिहून द्यावा लागे.

भारतात त्याआधी एक पायरी चढायची होती. संगणकावर भारतीय लिप्या उमटवणे हेच पहिले आव्हान होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट हे तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी समान सांकेतिक प्रमाणही याच सुमारास ठरले. नंतर युनिकोड हे जागतिक सांकेतिक प्रमाण रुळल्यावर एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर विनासायास वाचता येऊ लागला. १९९१ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा यांनी ‘आंग्लभारती’ हा प्रकल्प हाती घेतला. राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांमधील जवळीक हेरून ‘अनुसारक’ विकसित केले. सी-डॅकने प्रशासकीय कागदपत्रे इंग्रजीतून हिंदीत आणणारी ‘मंत्र’ ही प्रणाली पुण्यात घडवली.

मराठीच्या बाबतीत नियमांची पद्धत लवकर दमछाक करणारी ठरली. मराठीत तीन लिंगे आहेत आणि विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. एका नामापासून ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ यासारखी कितीतरी रूपे होतात. ती सगळी कोशात मांडता येत नाहीत, यंत्राला त्यांची फोड शिकवावी लागते.

नियमांकडून साठ्याकडे

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. कॅनडाच्या संसदेचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत नोंदवले जाते. संसदेतील भाषांतरकारांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या लक्षावधी वाक्यजोड्या त्यांनी संगणकाला दिल्या. कोणत्या शब्दासमोर कोणता शब्द किती वेळा येतो, याची मोजदाद करून यंत्र संभाव्य भाषांतर निवडू लागले. व्याकरणाचे नियम लिहिण्याची गरज उरली नाही. युरोपीय संसदेच्या कामकाजाचा असाच संग्रह पुढे संशोधकांना उपलब्ध झाला.

या पद्धतीवर गूगलने २००६ मध्ये आपली भाषांतर सेवा सुरू केली. बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ आणि तेलुगू तिच्यात २०११ मध्ये आल्या, मराठी २०१३ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीला हा उशीर होण्यामागे बोलणाऱ्यांची संख्या हे कारण असू शकत नाही. लोकसंख्येच्या मानाने मराठी-इंग्रजी जोडवाक्यांचा डिजिटल साठा लहान होता. गेल्या दोन शतकांत मराठीत झालेली विपुल भाषांतरे छापील पुस्तकांत होती. संगणकाला ती वाचता येत नव्हती.

२०१४ पासून न्यूरल नेटवर्कवर आधारलेली पद्धत पुढे आली. तिच्यात यंत्र शब्द सुटे न घेता सबंध वाक्य संख्यांच्या रूपात साठवते आणि त्यावरून दुसऱ्या भाषेतले वाक्य एकेक शब्दाने रचत जाते. गूगलने २०१६ मध्ये ही पद्धत वापरायला सुरुवात केली. २०१७ मध्ये तिचा लाभ मराठीला मिळाला. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी मांडलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मूलतः भाषांतरासाठीच होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले चॅटजीपीटी आणि त्यानंतरचे तत्सम संवादक याच रचनेवर उभे आहेत.

भारतीय भाषांसाठी साठा मुद्दाम जमवण्याचे काम याच काळात जोमाने झाले. पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील बहुभाषी मजकुरातून जोडवाक्ये निवडली गेली. आयआयटी मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२१ मध्ये ११ भारतीय भाषांचा ‘समानंतर’ हा संग्रह खुला केला आणि २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी भाषांतराचे प्रारूप दिले. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा मंच जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. गूगलने त्याच वर्षी मे महिन्यात कोकणीचा समावेश केला.

रोजच्या जीवनातील लाभ

सर्वांत मोठा लाभ इंग्रजी न येणाऱ्याला झाला. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये यांचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार मुख्यतः इंग्रजीत चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली आणली. तिच्या आरंभीच्या नऊ भाषांत मराठी होती. या भाषांतरांना मूळ इंग्रजी निकालाइतका कायदेशीर अधिकार नाही, पण पक्षकाराला आपल्या खटल्यात काय ठरले ते वाचता येते. विद्यार्थ्याला परभाषेतील पाठ, शेतकऱ्याला परदेशी संशोधनाचा सारांश, स्थलांतरित मजुराला नव्या गावातील अर्ज समजून घेण्यासाठी आता दर वेळी मध्यस्थ शोधावा लागत नाही. बोललेले ऐकून दुसऱ्या भाषेत बोलून दाखवणारी साधने आल्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही हा मार्ग मोकळा झाला आहे.

धोके

जुन्या यंत्राची चूक लगेच ओळखू येई, कारण वाक्यच मोडके असे. नव्या यंत्राचे वाक्य ओघवते असते, त्यामुळे त्यातली चूक झाकली जाते. मधला शब्द गळतो, नकार हरवतो, मुळात नसलेला तपशील येतो आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. औषधाच्या सूचनेत किंवा करारात अशी चूक महागात पडते. २०१७ मध्ये फेसबुकने एका पॅलेस्टिनी मजुराच्या अरबीतील ‘सुप्रभात’ अशा आशयाच्या मजकुराचे भाषांतर हल्ल्याची चिथावणी असे केले आणि इस्रायली पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या कन्नड शोकसंदेशाचे यंत्राने असे भाषांतर केले की, ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांचेच निधन झाल्याचा अर्थ निघाला. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला त्याबद्दल माफी मागावी लागली.

दुसरा धोका इंग्रजीच्या पुलाचा आहे. दोन भारतीय भाषांमधील भाषांतर अनेक प्रणालींत इंग्रजीतून जाते. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा जसाच्या तसा आहे, पण वाटेत इंग्रजी आली की तो पुसला जातो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तसेच होते. क्रियापदातून कळणारे बोलणाऱ्याचे लिंगही हरवते, मग यंत्र साठ्यातील बहुसंख्य उदाहरणांवरून डॉक्टरला पुरुष आणि नर्सला स्त्री ठरवते. मोफत सेवांवर टाकलेली गोपनीय कागदपत्रे कोठे साठतात, हाही प्रश्न आहे. शिवाय इंटरनेटवर यंत्राने केलेली कच्ची भाषांतरे वाढत आहेत. पुढच्या यंत्रांना तीच शिकवली गेली, तर लहान साठ्याच्या भाषांचे नुकसान सर्वाधिक होईल.

व्यवसायाची आजची स्थिती

भाषांतरकाराचे काम संपले नाही, त्याचे स्वरूप पालटले. माहितीपत्रके, वापरपुस्तिका आणि व्यापारी मजकूर यांचा पहिला खर्डा आता बहुधा यंत्र करते आणि माणूस तो तपासून दुरुस्त करतो. या कामासाठी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. तपासणीचा मोबदला मूळ भाषांतरापेक्षा कमी धरला जातो, जबाबदारी मात्र तेवढीच राहते. साहित्य, कायदा आणि न्यायालयातील तोंडी भाषांतर यांत माणसाचे स्थान अजून टिकून आहे.

यंत्रभाषांतराच्या प्रत्येक टप्प्यावर प्रगती तेथेच झाली, जेथे माणसांनी केलेले आणि तपासलेले काम आधीपासून जमा होते. कॅनडाच्या संसदेने यंत्रासाठी भाषांतरकार नेमले नव्हते, नागरिकांसाठी नेमले होते. त्यांच्या कामाचा उपयोग यंत्राला नंतर झाला. मराठीच्या बाबतीतही यंत्राचा दर्जा शासन, न्यायालये, विद्यापीठे आणि प्रकाशक चांगल्या भाषांतरकारांना किती काम आणि किती मोबदला देतात, त्यावर ठरणार आहे.